रॅम वाढवताय? बर्डीवर जाण्याआधी या चुका टाळा

घरचा कॉम्प्युटर रेंगाळायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो ‘रॅम (चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी) टाकून घे’ हाच. सल्ला बहुतेकदा बरोबर असतो, घोळ पुढे होतो. मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) न पाहता नागपूरच्या सीताबर्डीवरून, म्हणजे बर्डीवरून, रॅमची पट्टी म्हणजे स्टिक आणली जाते, कॉम्प्युटर सुरूच होत नाही आणि ‘रॅम खराब निघाली’ असं ठरवून लोक मोकळे होतात. नवी रॅम खराब असणं ही शेवटी तपासायची शक्यता आहे, त्याआधी बरंच काही पाहायचं असतं. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव झपाट्याने चढले, तेव्हापासून तर अंदाजाने खरेदी करणं अजिबातच परवडत नाही.

गरज रॅमचीच आहे का, हे आधी बघा. नेहमीचं काम चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. मेमरी ८५-९० टक्के भरलेली दिसली तर रॅम हवी. ती निम्मी रिकामी आणि डिस्क मात्र सतत १०० टक्क्यांवर असेल, तर तेच पैसे एसएसडीत (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणुकीत) घाला.

‘आठ जीबीची द्या’ एवढंच सांगणं

सगळ्यांत महाग पडणारी चूक ही. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या पिढ्या एकमेकांच्या जागी बसत नाहीत. डीडीआर३ ला २४० पिना असतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८, पण मधली खाच वेगळ्या जागी. खाच जुळत नसताना जोर लावला तर स्लॉट तुटतो आणि मग बोर्डाचाच खर्च निघतो. लॅपटॉपची स्टिक आखूड असते, ती डेस्कटॉपला चालत नाही.

त्यामुळे सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर टाकून बोर्डाचं मॉडेल लिहून घ्या. कंपनीच्या साइटवर त्या बोर्डाला एकूण किती आणि एका स्लॉटला किती रॅम चालते ते मिळतं. असेंबल केलेल्या जुन्या कॉम्प्युटरांत खूप दिसणाऱ्या एच६१ बोर्डावर सहसा दोनच स्लॉट असतात आणि १६ जीबीच्या पुढे जाता येत नाही. जुनी स्टिक काढून तिच्या लेबलचा फोटो घेतला तर दुकानात बोलणं दोन मिनिटांत संपतं.

‘लागून जाते भाऊ, नेऊन तर पाहा’ यावर विसंबू नका. स्वस्तात मिळणाऱ्या काही डीडीआर३ स्टिक फक्त एएमडी बोर्डांवर चालतात, इंटेलवर नाही. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड रॅमही भाव कमी म्हणून मोह पाडते, पण घरच्या बोर्डावर ती चालत नाही.

विंडोज ३२-बिट असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वाया जाते. आधी ६४-बिट विंडोज टाका.

बसवताना

भिंतीवरचं बटण बंद केलं की काम झालं असं समजू नका. मध्ये यूपीएस किंवा इन्व्हर्टर असेल तर बोर्डाला वीज मिळतच राहते. कॅबिनेटच्या मागची वायर ओढून काढा, मग सुरू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा. आपल्याकडे एप्रिल-मेमधली हवा कोरडी ठणठणीत असते, अंगावर स्थिर वीज साठते. स्टिकला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा आणि स्टिक कडेने धरा. कूलरचा झोत कॅबिनेटवर येत असेल तर कॅबिनेटची जागाच बदला. ओलावा आणि धूळ एकत्र आली की स्लॉटमधले संपर्क खराब होतात.

स्टिक दोन्ही टोकांना सारखी दाबा, खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत. लोक इथे घाबरून कमी दाबतात आणि स्टिक अर्धवट राहते. चार स्लॉटांच्या बोर्डावर दोन स्टिक असतील तर त्या बहुतेक ठिकाणी प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लागतात. शेजारी शेजारी लावल्या तर ड्युअल चॅनेलचा (दोन्ही स्टिक एकाच वेळी वापरून वेग वाढण्याचा) फायदा जातो.

स्क्रीन काळीच राहिली तर

डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमची जुळवणी करतो, त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. घाईने वीज तोडू नका.

तरीही काही दिसत नसेल किंवा बीप वाजत राहिला, तर वायर काढून सगळ्या स्टिक बाहेर काढा. सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा स्लॉटपासून दूर झटका आणि कोरड्या कापडाने पुसा. मग एकच स्टिक लावून सुरू करा. नंतर तीच दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी स्टिक. दोष स्टिकचा की स्लॉटचा, हे याने स्पष्ट होतं. एकेकटी चालते पण दोन्ही मिळून नाही, असं असेल तर जोडी जमत नाही. बायॉस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून पाहा, नाहीतर एकाच पाकिटातली जोडी घ्या.

कॉम्प्युटर सुरू झाला पण रॅम कमी दिसते? विंडोजमधलं एमएसकॉन्फिग हे सेटिंगचं साधन उघडून बूटच्या ॲडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये ‘मॅक्सिमम मेमरी’ची खूण काढा. वेग कमी दिसत असेल तर लक्षात घ्या, २४०० आणि ३२०० वेगाच्या स्टिक एकत्र लावल्या की दोन्ही २४०० वर चालतात. बायॉसमध्ये एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवण्याची सेटिंग) सुरू केल्याने फरक पडू शकतो, पण एच४१० बोर्डावर दहाव्या पिढीचा आय३ असेल तर २६६६ च्या वर वेग जात नाही. तो दोष रॅमचा नाही.

शेवटी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ हे सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. उन्हाळ्यात एक फेरी दुपारीही घ्या, कारण पारा ४५ अंशांवर असताना येणारी चूक रात्री कधीकधी दिसतच नाही. एकही चूक निघाली तर स्टिक बदलून मागा. त्यासाठी बिलावर सीरियल नंबर लिहून घेतलेला असावा आणि स्टिकवरचं लेबल शाबूत असावं, लेबल निघालं की वॉरंटी नाकारली जाऊ शकते.