मिलानोची डर्बी बघायला चाललाय? मग या चुका टाळा

मिलानोची डर्बी म्हणजे एकाच शहरातल्या इंटर आणि मिलान या दोन क्लबांची फुटबॉल मॅच, आणि ती होते सान सिरो स्टेडियमवर. तिथल्या गेटवर माझ्या मित्राला बाजूला उभं केलं तेव्हा आतून ढोल ऐकू यायला लागले होते. तिकीट खरं होतं, पैसे भरलेले होते, फक्त त्यावर नाव भलत्याच माणसाचं होतं. गेटवरच्या माणसाने पासपोर्ट बघितला, तिकीट बघितलं, परत पासपोर्ट बघितला आणि शांतपणे मान हलवली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. मित्राने अख्खी मॅच बाहेर गाडीवर पाव खात ऐकली, आणि अजूनही विषय निघाला की तो गप्प होतो.

तर पहिली चूक हीच. इटलीत मोठ्या मॅचची तिकिटं नावावर असतात, नाव-आडनाव, जन्मतारीख, जन्मठिकाण सगळं विचारतात आणि गेटवर ओळखपत्राशी ताडून बघतात. आपली अजून एक गंमत म्हणजे पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं आणि फॉर्म भरताना आपण कधी ते टाकतो कधी नाही, त्यामुळे पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा. ओरिजिनल पासपोर्ट सोबत न्या, फोनमधल्या फोटोच्या भरवशावर राहू नका. दुसऱ्याकडून तिकीट घेत असाल तर नाव बदलता येतं का हे पैसे द्यायच्या आधी विचारा, काही तिकिटांवर ऑनलाइन होतं, काहींवर होत नाही. नाव चुकलंय हे आदल्या दिवशी लक्षात आलं तर लगेच ज्या क्लबने तिकीट काढलंय त्यांना गाठा, गेटवर पोचल्यावर कोणी काही करू शकत नाही. आणि स्टेडियमबाहेर कानात येऊन "तिकीट, तिकीट" करणाऱ्यांकडे बघूही नका. सप्टेंबर २०२४ मध्ये दोन्ही क्लबांच्या अल्ट्रा, म्हणजे कट्टर चाहत्यांच्या गटांच्या म्होरक्यांना पोलिसांनी उचललं त्या प्रकरणात तिकिटांचा काळाबाजार पण होता, म्हणजे तुमचे पैसे नक्की कुणाच्या खिशात जातात देव जाणे.

दुसरी चूक तारखेची, आणि आपल्याला व्हिसा काढावा लागतो म्हणून ही जास्त महागात पडते. सिझनचं वेळापत्रक येतं तेव्हा फक्त कुठल्या वीकेंडला मॅच आहे ते कळतं, नेमका दिवस आणि वेळ टीव्हीच्या हिशोबाने नंतर ठरते. २०२४ ची डर्बी आठवा, इंटरने मिलानला २-१ हरवून इटालियन लीगचं विसावं विजेतेपद तिथेच पक्कं केलं, ती २२ एप्रिलला झाली आणि तो सोमवार होता! शनिवार-रविवार धरून रिटर्न काढलेला माणूस तेव्हा विमानात झोपला असणार. मागेपुढे दोन-दोन दिवस ठेवाच, आणि मॅचच्या रात्रीची परतीची फ्लाइट तर अजिबात घेऊ नका.

आता तिकीट कोण विकतं? स्टेडियम एकच, १९२६ चं, दोघं तिथेच खेळतात, पण लीगच्या प्रत्येक डर्बीला कागदावर एक यजमान असतो आणि तिकिटं त्याच्याकडेच. आधी सिझन तिकीटवाले, मग मेंबर, आणि उरलं तर तुम्ही आम्ही. इंटर यजमान असताना मिलानच्या साइटवर रोज रिफ्रेश मारत बसलेले लोक मी बघितलेत. (जायचं असेल तर लवकर जा, २०२५ मध्ये दोन्ही क्लबांनी मिळून महापालिकेकडून हे स्टेडियम विकत घेतलंय आणि शेजारी नवीन बांधायचा बेत आहे.)

सगळ्यात जास्त घोळ जागा निवडताना होतो. स्टेडियमचे मजले म्हणजे अनेलो, पहिला दुसरा तिसरा, आणि बाजूंना रंग आहेत, लाल, नारिंगी, हिरवा, निळा. लाल-नारिंगी म्हणजे लांबीच्या बाजू, तिथे मिक्स पब्लिक असतं, नवरा इंटरचा बायको मिलानची आणि पोरगं रडतंय असं पण दिसतं. दुसऱ्या मजल्यावरचा हिरवा म्हणजे कुर्वा नोर्द, गोलमागचं उत्तरेचं टोक, तिथे इंटरचे अल्ट्रा, आणि निळा म्हणजे कुर्वा सूद, दक्षिणेचं टोक, तिथे मिलानचे. स्वस्त दिसतंय म्हणून तिथलं तिकीट मारू नका. तिथे नव्वद मिनिटं उभं राहायचं, गायचं, आणि पुढे भोंगा घेऊन मैदानाकडे पाठ करून उभा असलेला माणूस सांगेल ते करायचं, आपल्या ढोल-ताशा पथकात जशी शिस्त असते ना तसंच, फक्त इथे पाहुण्याला माफी कमी. मोबाइल काढून व्हिडिओ करत बसलात तर खाली घ्यायला सांगतील, मग मुकाट खाली घ्यायचा. सीटवर रंगीत कागद किंवा प्लास्टिक ठेवलेलं दिसलं तर ते सीट पुसायला नसतं हो, मॅचआधी सगळ्यांनी मिळून वर धरून एक मोठं चित्र करायचं असतं, तुम्ही घडी करून खिशात घातलंत तर समोरच्या टोकाहून चित्राला भोक दिसतं.

चुकून विरुद्ध टोकाला तिकीट निघालं तर? साधं जॅकेट घाला, गोल झाला तरी हात खाली, एवढं पाळलं तर काही होत नाही. खरं सांगायचं तर मिलानोची डर्बी त्या मानाने सभ्य आहे, दोन्हीकडच्या अल्ट्रांमध्ये १९८० च्या दशकापासून मारामारी न करायचा समझोता आहे. पण म्हणून बिनधास्त राहू नका, २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या डर्बीत मिलानचा गोलकीपर दिदाला पेटतं फ्लेअर लागलं आणि मॅच अर्धवट सोडावी लागली होती. आणि हा हिशोब रोमच्या डर्बीला लावू नका, तिथे वातावरण जास्त तापट.

बोलताना एक. इंटरवाल्यासमोर "इंटर मिलान" म्हणू नका, त्यांच्यासाठी ती फक्त इंटर. मिलान म्हणजे दुसरा क्लब, शहर मिलानो. १९०८ मध्ये मिलानमधूनच फुटून इंटर निघाला, म्हणजे हे भाऊबंदकीचं प्रकरण आहे, आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. अर्धा इकडचा अर्धा तिकडचा मफलर बाहेर मिळतो, घ्यायचा तर घ्या, बॅगेत ठेवा.

गेटवर मोठी बॅग नको. पाण्याची बाटली असेल तर झाकण काढून ठेवून घेतात, बंद भरलेली बाटली फेकली तर डोकं फुटेल म्हणून, तेव्हा उघडी बाटली हातात धरून तिसऱ्या मजल्यापर्यंतचा तो गोल गोल रॅम्प चढायची तयारी ठेवा. थंडीत फोनची बॅटरी भसकन उतरते आणि एवढ्या गर्दीत नेटवर्क रांगतं, तिकिटाची प्रिंट काढून ठेवा.

आणि शेवटची शिटी वाजल्यावर सगळ्यांबरोबर सान सिरो स्टेशनच्या जांभळ्या मेट्रोकडे धावू नका. पाऊणशे हजार लोक, एक स्टेशन, पोलीस थोड्या थोड्या लोकांना आत सोडतात. पंधरा-वीस मिनिटं चालत लोत्तो स्टेशन गाठा, तिथून लाल लाइन पण मिळते, पाकीट मात्र पुढच्या खिशात. पौणेनऊची मॅच संपायला रात्रीचे पौणेअकरा होतात, शेवटची मेट्रो साधारण साडेबाराच्या सुमारास, म्हणजे वेळ आहे. मी तर सरळ गाडीवर सालामेल्ला घेतो, तव्यावर भाजलेलं डुकराचं सॉसेज, वर कांदा-सिमला मिरची, चालत नसेल तर नुसत्या मिरच्या घालून पाव मागा, देतात. पाव संपेपर्यंत रांग अर्धी झालेली असते.