मुलांचं शेळी मंडळ: नावनोंदणी कशी करावी

शाळेत जाऊन ‘शेळी कोणाला पाळायची?’ असं विचारलं की सगळा वर्ग हात वर करतो. गणिताचा तास बुडत असेल तर मीही केला असता. त्या हातांवर विसंबून शेळ्या पाळणाऱ्या मुलांचं मंडळ काढू नका. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-आंबेगाव भागात हे काम मी बरीच वर्षं करतोय. ‘आधी पोस्टर लावा, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा’ असं कोणी सांगितलं की मला कळतं, याने स्वतः एकही पोर जमवलेलं नाही. सातवीतल्या पोराचा फोन म्हणजे त्याच्या काकाचा फोन, आणि काका ग्रुपवर गुड मॉर्निंग टाकतो.

नावं दिवाळीची सुट्टी संपल्यावर घ्या. जूनमध्ये उत्साह दांडगा असतो, पण पावसात ओल्या गोठ्यात करडं न्यूमोनियाने दगावतात. नवख्या पोराचं पहिलंच करडू गेलं की ते पोरही गेलं.

वय सहावी ते आठवी. पुढे क्लास लागतात, आणि दहावीच्या वर्षी तर घरात टीव्हीसुद्धा लागत नाही.

पहिली बैठक गोठ्यातच घ्या. हार नको, नारळ नको, कोणाचं मनोगत नको. करडू मुलांच्या हातात द्या, मग खराटा द्या आणि लेंड्या झाडायला लावा. नाक मुरडणारे आपोआप गळतात.

आता अवघड काम: मुलांच्या घरी जाणं.

पहिल्या वर्षी मी हेच टाळलं. मुलांनी फॉर्मवर वडिलांच्या सह्या आणल्या, मला वाटलं झालं. वर मुलांना बोकड दिले, कारण पैसा लवकर दिसतो. बकरी ईद जवळ आली तसा एकेका घरातला बोकड चाकणच्या शनिवारच्या बाजारात गेला. पैसे कुठे दवाखान्यात गेले, कुठे मोटरसायकलच्या हप्त्यात. वडिलांना तरी काय बोलणार, घरातलं जनावर घरासाठीच विकतात. पण आठ महिने ज्याने पाला आणला त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही. एक मुलगी रिकामं दावं घेऊन माझ्या दारात आली. ‘हे मंडळाचं आहे ना,’ म्हणाली, आणि गेली. बारापैकी दोन मुलं उरली.

तेव्हापासून पहिल्या वर्षी कोणालाही बोकड देत नाही, पाटच देतो, म्हणजे मादी करडू. आणि त्याआधी घरी जाऊन बसतो. जायचं ते संध्याकाळी, डेअरीत दूध घालून माणसं परतली की. वडिलांशी बोला, पण ऐका आजीचं. शेळी तिच्या नजरेखाली असते, आणि पोराची परीक्षा आली की पाला तीच टाकते. तिला सरळ विचारा, ‘आजी, पाट बांधायची कुठं?’ तिने जागा दाखवली तर निम्मं काम झालं. ‘बघू’ म्हणाली तर चहा पिऊन उठा, पाट देऊ नका.

‘शिकून शेळ्याच राखायच्या का?’ हे कोणीतरी म्हणणारच. त्यावर शेतीचं महत्त्व सांगत बसू नका. मी सांगून पाहिलंय, लोक मान डोलावतात आणि नाही म्हणतात. त्याऐवजी व्यवहार मांडा. अर्धलीने शेळी देणं, म्हणजे दुसऱ्याला पाळायला देऊन करडं वाटून घेणं, गावाला नवं नाही, म्हणून मीही तीच भाषा वापरतो: पाट मंडळाची, व्यायली की तिची पहिली पाट मंडळाला परत, मग शेळी आणि पुढची करडं पोराची. ‘पोराची’ म्हणजे घराची नव्हे, हे तिथेच, सगळ्यांसमोर बोलून घ्या. संकोच वाटतो, तरी बोला. दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःचं बचत खातं चालवता येतं. विक्रीचे पैसे त्यात जातील हे वहीच्या पानावर लिहा आणि सही आजीची घ्या. अंगठा असला तरी चालेल. बापाने सही मोडलेली मी पाहिली आहे, आईच्या अंगठ्यापुढे मात्र तो गप्प बसतो.

जाता जाता घरातल्या मुलीचं नाव विचारा. शेळ्यांचं सगळं ती करते आणि नाव भावाचं लागतं, हे फार होतं.

बाकी सोपं. तीन महिन्यांच्या पुढची करडं घ्या, पीपीआर या शेळ्यांच्या साथीच्या रोगाची लस सरकारी दवाखान्यातून टोचून घ्या, जंताचं औषध द्या. आपल्याकडे बिबट्या आहे, तेव्हा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद हवा. मुलांना एकटं चारायला पाठवायचं नाही. शेवरी, सुबाभूळ, हादगा घरी आणून टाकायचा.

आणि तो फॉर्म सगळ्यांत शेवटी भरा, पाट दाव्याला बांधून झाल्यावर.