समाजकार्यासाठी भरपगारी रजा देताय? या चुका टाळा

खराडीतल्या एका कंपनीत मी एचआर बघते. वर्षाला दोन दिवस भरपगारी स्वयंसेवा रजा सुरू झाली, त्या पहिल्याच डिसेंबरात चाळीस जणांना घेऊन मी टेकडीवर झाडं लावायला गेले. मुरमात पहार आपटून कसेबसे वीतभर खड्डे झाले, रोपं बसली, बाटलीभर पाणी पडलं, फोटो निघाले. एप्रिलमध्ये त्याच वाटेनं गेले तेव्हा रोपांच्या काड्या झाल्या होत्या. एक उपटून पाहिली, तर मुळांना नर्सरीची काळी पिशवी तशीच होती.

तारीख आम्ही आमच्या सोयीनं ठरवली, ही पहिली चूक. पुण्यात खड्डे मे महिन्यातच खणून ठेवायचे आणि पाऊस स्थिरावला की जून-जुलैत रोपं लावायची. खरी माणसं हवी असतात ती त्यानंतर, फेब्रुवारी ते मे. आळी नीट करायला, पालापाचोळा पसरायला, कॅन वर चढवायला. आता आम्ही उन्हाळाभर दर शुक्रवारी सकाळी पाच-सहा जण पाठवतो. फोटोत गर्दी दिसत नाही, पण झाडं दिसतात.

म्हणून ज्या संस्थेच्या मदतीला जाणार, तिला आधी फोन करून विचारा, ‘तुम्हाला माणसं कधी आणि किती हवीत?’ चाळीस जण एकदम येतात तेव्हा तिथल्या ताईंचा सगळा दिवस चहा-नाश्ता आणि पार्किंग बघण्यात जातो. मुलांचं वाचन घ्यायचं असेल तर एका दिवसाच्या भेटीनं काहीच होत नाही; मुलांना दर आठवड्याला तोच दादा, तीच ताई लागते. दोन दिवसांचे सोळा तास करून टाका. दर बुधवारी दोन तास धरले तर आठ आठवडे जाता येतं.

रजा आहे पण कुणी घेत नाही, अशी तक्रार असेल तर आधी टाइमशीट, म्हणजे कुणी कुठल्या कामाला किती तास दिले त्याची नोंद, उघडा. बहुतेक वेळा गाडं तिथंच अडलेलं असतं. या तासांना कोडच नसतो, क्लायंटच्या बिलात ते लावता येत नाहीत, आणि मॅनेजर तोंडानं ‘जा की’ म्हणत असला तरी महिनाअखेरीला कमी पडलेल्या तासांचा जाब विचारतो. वेगळा कोड द्या, हजेरीत ‘ऑन ड्यूटी’ लावा आणि तेवढे तास टार्गेटमधून वजा करा. मार्चअखेर आणि सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा मात्र टाळा.

शनिवार-रविवारी बोलावून त्याला भरपगारी रजा म्हणू नका. सुट्टी तर त्यांचीच होती.

ही रजा हक्काच्या रजेतूनही कापू नका. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा मिळते, आणि २४० दिवस भरले की कामाच्या दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा. स्वयंसेवा रजा कायद्यानं सक्तीची नाही. द्यायची तर त्याच्या वर द्या. अकाउंट्सवाले या तासांचा पगार सीएसआरमध्ये, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात, दाखवू पाहतात, तेही थांबवा. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालच्या २ टक्के खर्चात कर्मचाऱ्यांच्या विनामूल्य सेवेची किंमत धरता येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयानं ते स्पष्ट केलेलं आहे.

एक चूक माझ्या लक्षात फार उशिरा आली. पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आमच्या हाऊसकीपिंगच्या मावशी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाजवळ वारकऱ्यांना जेवण वाढायला जातात. वर्षानुवर्षं जातात. कंत्राटी असल्यामुळे त्या दिवसांचा पगार कापला जायचा, आणि त्याच ऑफिसातले आम्ही मात्र भरपगारी स्वयंसेवक. कंत्राटदाराशी करार नव्यानं करताना एक ओळ घाला: स्वयंसेवेच्या दोन दिवसांची मजुरी कंपनी भरेल. आम्ही ती घातली, तेव्हा मावशींनी दोनदा विचारलं, ‘मॅडम, नक्की कापणार नाहीत ना?’