खांदा वारंवार निखळतो? मग डॉक्टरांकडे असं जा

माझा उजवा खांदा अकरा वर्षांत नऊ वेळा निखळला. पहिल्यांदा कबड्डीच्या मैदानात, चढाईवाल्याला अडवताना. नवव्यांदा झोपेत, कूस बदलताना. दोन ऑपरेशनं झाली, त्यातलं पहिलं वाया गेलं. आता खेळत नाही, पण मंडळातल्या एखाद्या पोराचा खांदा सटकला की त्याच्याबरोबर ओपीडीच्या बाकावर मीच बसलेला असतो. त्यामुळे ‘अमक्या गावच्या हाडवैद्याकडे ने’, ‘तेल लावून शेक दे’, ‘दंड बैठका मार, आपोआप घट्ट होईल’ हे कानावर पडलं की माझं डोकं फिरतं.

खांदा आत्ता, या क्षणी बाहेर असेल तर वाचत बसू नका. एक्स-रेची सोय असलेल्या जवळच्या दवाखान्यात जा. मित्राला काखेत पाय रोवून हात ओढू देऊ नका. तिसऱ्या वेळी मी ते करू दिलं. खांदा बसला, पण दंडाच्या बाहेरची, बाहीवर बिल्ला शिवतात तिथली तळहाताएवढी कातडी दोन महिने बधिर होती. तिथून जाणारी नस दुखावली की असं होतं. म्हणून खांदा बसवण्याआधी आणि नंतर तिथे स्पर्श कळतो का, हे डॉक्टरांनी तपासलंच पाहिजे. त्यांनी नाही तपासलं तर तुम्ही सांगा. हात गार किंवा निळसर पडला असेल तर रांगेत थांबू नका. फिट येऊन किंवा विजेचा झटका बसून खांदा निखळला असेल तर तेही आधी सांगा. अशा वेळी तो मागच्या बाजूला गेलेला असू शकतो आणि समोरून काढलेल्या एकाच एक्स-रेत ते नजरेतून सुटतं.

खांदा बसला, झोळी लागली, दुखणं उतरलं. इथून पुढचं सगळं तुमच्या हातात.

एक पान लिहून काढा

वहीचं एकच पान. प्रत्येक वेळेसाठी एक ओळ: साधारण तारीख, काय करत होता, हात कुठे होता, खांदा कोणी बसवला, भूल द्यावी लागली का. अर्धवट सरकून आपोआप आत गेलेल्या वेळाही लिहा, त्या मोजल्या जातात. पहिल्या वेळचं वय ठळक लिहा, कारण विशीच्या आत पहिल्यांदा निखळलेला खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता बरीच जास्त असते. चाळिशीनंतर ती कमी होते, पण त्या वयात स्नायूंच्या दोऱ्या तुटलेल्या असू शकतात. खांदा बसवूनही हात वर उचलता येत नसेल तर तेही लिहा.

हे पान मी दहा मिनिटांत करतो आणि दरवेळी डॉक्टरांचा चेहरा बदलतो. ‘सर, सारखा निखळतो’ यावर काही ठरवता येत नाही. ‘आधी पडल्यावर, मग चेंडू फेकताना, आता शर्ट घालताना’ म्हटलं की त्यांना बरंच कळतं. निखळायला लागणारा जोर कमी कमी होत गेला असेल, तर हाड झिजत असल्याची शंका घ्यायला जागा आहे.

फाइल

जुने सगळे एक्स-रे घ्या, खांदा बाहेर असतानाचा तर नक्कीच. रुग्णालयानं कागद दिले नाहीत तर लेखी मागा. मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणं डॉक्टरांवर इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांनी बंधनकारक आहे.

कोणाकडे

अस्थिरोगतज्ज्ञांपैकी जो मुख्यतः खांद्याचं काम करतो, त्याच्याकडे. गुडघे बदलणारा सर्जन कितीही नावाजलेला असो, तुमच्या कामाचा नाही. डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पडताळता येते. सरकारी किंवा पालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जाणार असाल तर अस्थिरोग विभागात प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. केस पेपरच्या खिडकीवर विचारा, खांद्याचं काम कोणतं युनिट जास्त करतं आणि त्यांचा वार कोणता. सकाळची रांग चुकणार नाही, पण चुकीच्या वारी लागलेली रांग तरी वाचेल.

हाड किती गेलंय?

इथे मी आपटलो, म्हणून इथे जरा थांबतो.

खांद्याला आपण उखळी सांधा म्हणतो, पण त्यात उखळ नावालाच आहे. ती बशी आहे, तीही उथळ, आणि तिच्यावर दंडाच्या हाडाचा मोठा गोळा टेकलेला. बशीच्या कडेला लेब्रम नावाची रबरी वळी असते, तीच काय ती खोली देते. खांदा पुढे निखळला की ही वळी पुढच्या-खालच्या बाजूला सुटते. त्याला रिपोर्टमध्ये ‘बँकार्ट लिजन’ लिहितात. गोळा बशीच्या कडेवर आपटून त्याच्या मागच्या बाजूला खड्डा पडतो, तो ‘हिल-सॅक्स’. आमच्या एका पोराची आई हे दोन शब्द वाचून ओपीडीतच रडायला लागली होती, कसले तरी असाध्य रोग वाटून. ही निव्वळ आडनावं आहेत. बँकार्ट हे ब्रिटिश सर्जन, त्यांनी १९२३ मध्ये त्या इजेवर लिहिलं. हिल आणि सॅक्स हे दोन रेडिओलॉजिस्ट, त्यांचा लेख १९४० चा.

माझा एमआरआय झाला, वळी सुटलेली दिसली, दुर्बिणीतून ती परत शिवली. छान झालं म्हणाले. चौदा महिन्यांनी एसटीत वरचा दांडा धरून उभा होतो, ड्रायव्हरनं ब्रेक मारला आणि खांदा बाहेर. तेव्हा कुठे सीटी झाला. बशीच्या पुढच्या कडेचा टवकाच उडालेला होता. टवका उडालेल्या बशीच्या कडेला रबर कितीही नीट शिवा, गोळा घसरायचा तो घसरणारच. शिवण चांगली होती, पण जिच्यावर ती घातली ती कडच उरली नव्हती. आणि कड किती उरलीय हे कोणी मोजलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं, कारण असं काही विचारायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं.

म्हणून ‘ऑपरेशन करू का?’ हा प्रश्न मी पोरांना विचारूच देत नाही. पहिला प्रश्न: ‘डॉक्टर, बशीचं हाड किती टक्के गेलंय आणि ते कशावर मोजलं?’

‘एमआरआयवर अंदाज येतो’ एवढ्यावर समाधान मानू नका. तीन-चारपेक्षा जास्त वेळा निखळलेल्या, मैदानी खेळाडूच्या खांद्याचा थ्री-डी सीटी करायचा का, हे सरळ विचारा. करायचा ठरला तर चिठ्ठीवर नीट लिहून घ्या: गोळा वगळून बशी समोरून दाखवणारी चित्रं हवीत. हे लिहिलं नाही तर सेंटरवाले नेहमीचे काप काढून देतात आणि पुन्हा हेलपाटा पडतो. माझ्या देखत दोघांचं असं झालंय. त्या चित्रात कॉम्प्युटर गोळा बाजूला करतो आणि बशी उताणी दिसते. तिच्या खालच्या फुगीर भागावर एक वर्तुळ बसवतात. वर्तुळात जिथे हाड नाही, तेवढी झीज. स्क्रीनवर ते बघायला मागा. माझ्या बशीची पुढची कड सरळ रेषेत कापल्यासारखी होती, चंद्राची कोर नेमकी उलट बाजूनं खाल्ल्यासारखी.

ढोबळ हिशेब असा की झीज २० ते २५ टक्क्यांच्या घरात गेली असेल तर नुसत्या शिवणीवर विसंबू नये, असं बहुतेक सर्जन मानतात. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळातल्या पोरांसाठी अलीकडे १३.५ टक्क्यांपासूनच सावध होतात. मग जवळच्याच हाडाचा तुकडा स्नायूसकट आणून बशीच्या कडेला स्क्रूनं बसवतात. ते ‘लातार्जे’, १९५४ मध्ये एका फ्रेंच सर्जननं सांगितलेलं. माझं दुसरं ऑपरेशन तेच.

दुसरा प्रश्न गोळ्यावरच्या खड्ड्याचा: ‘ऑन ट्रॅक की ऑफ ट्रॅक?’ म्हणजे हात वर-बाहेर नेला की तो खड्डा बशीच्या कडेत अडकतो का. ही मांडणी २०१४ ची आहे, खांद्याचं काम करणाऱ्याला ती माहीत असते. खड्डा अडकत असेल, म्हणजे ऑफ ट्रॅक असेल, तर तोही भरायची किंवा त्यावर इलाज करायची तयारी हवी.

तिसरा प्रश्न थोडा अवघड जातो, तरी विचारा: ‘तुम्ही दोन्ही ऑपरेशनं करता का?’ जिलेबीच्या दुकानात डोसा मिळत नाही. जो फक्त दुर्बिणीची शिवण करतो, त्याच्या यादीत सगळे शिवणीचेच रुग्ण निघतात. आणि लातार्जेत मुरलेला माणूस शिवणीवर भागणाऱ्या पोराचंही हाड हलवू शकतो. चांगला सर्जन या प्रश्नावर चिडत नाही. चिडला तर तुमचं उत्तर मिळालं.

अजून एक. डॉक्टर तुमचा दंड बाजूला नेऊन बाहेर फिरवतात तेव्हा तुम्ही दचकून ‘नको, नको’ करता. ती चाचणीच आहे, त्या दचकण्याचं निदानात मोल आहे. आमची पोरं मर्दानगी दाखवत दात आवळून गप्प बसतात. बसू नका.

दुसरं मत

घ्याच. पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते दुसऱ्यांना आधी सांगू नका. रिपोर्टचा कागद नको, सीटी-एमआरआयच्या चित्रांची सीडी पुढे करा. दोघांची मतं जुळली नाहीत तर तिसऱ्याकडे धावण्याआधी दोघांनी हाडाचा आकडा किती सांगितला ते ताडून बघा. बहुतेक वेळा भांडण तिथेच असतं.

ज्यांनी ऑपरेशनची घाई करू नये

मनगट वाकवून अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकतो, गुडघे न वाकवता तळवे जमिनीला लागतात, दोन्ही खांदे सगळीकडे सरकतात: अशांचे सांधे मुळातच सैल असतात. त्यांच्यासाठी फिजिओथेरपी हा पहिला इलाज आहे आणि तो कित्येक महिने चिकाटीनं करावा लागतो. ‘बघा सर, काढून दाखवतो’ म्हणत खांदा बाहेर काढणारी पोरंही यातच धरा. त्यांना पहिला इलाज म्हणजे तो खेळ बंद करणं. पण पडून, मार लागून वळी सुटलेल्या आणि हाड झिजलेल्या खांद्याला व्यायामानं नवी कड फुटत नाही. तिथे फिजिओ जोडीला लागतो, पर्याय म्हणून नव्हे.

पैसे

अंदाजपत्रक लेखी घ्या, त्यात अँकर (वळी हाडाला शिवण्यासाठी हाडात बसवतात त्या बारीक खुंट्या) किती आणि एकाची किंमत किती हे वेगळं लिहायला लावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. डिस्चार्जच्या कागदावर अँकर-स्क्रूंचे स्टिकर लागलेले आहेत ना, बघून घ्या.

तारीख ठरल्यावर

झोळी साधारण चार ते सहा आठवडे, अंगाला भिडणारा खेळ निदान पाच-सहा महिने नाही. सर्जन याहून कमी सांगत असेल तर का, ते विचारा. फिजिओ ऑपरेशनआधीच गाठून ठेवा आणि त्याचा फोन सर्जनशी जोडून द्या. दोघं वेगवेगळं सांगायला लागले की मधल्यामध्ये खांदा जातो. पुढून बटणं असलेले दोन सैल शर्ट कपाटातून बाहेर काढून ठेवा. टी-शर्ट पहिले काही आठवडे अंगात जात नाही, आणि हे कोणीच आधी सांगत नाही.