बोल्गा टोपली: काडी चिरण्यापासून काठ वळेपर्यंत

घानाच्या उत्तर टोकाला, अप्पर ईस्ट विभागात बोल्गाटांगा हे शहर आहे. आसपासच्या न्यारिगा, शेरिगू, सुंब्रुंगू अशा खेड्यांतल्या फ्राफ्रा समाजाच्या बायका ज्या टोपल्या विणतात, त्या जगभर ‘बोल्गा’ म्हणून विकल्या जातात. गवत मात्र आता तिथे पुरेसं मिळत नाही. ते बरंचसं दक्षिणेकडच्या अशांती भागातून विकत आणावं लागतं, म्हणजे मोडलेल्या काडीमागे पैसे जातातच.

हे गवत म्हणजे आपल्याकडे चाऱ्याला लावतात तेच गिनी गवत. पण चाऱ्यासाठी ते कोवळं कापतात. टोपलीला फुलोऱ्यावर आलेला, सरळ, गाठींच्या वरचा लांब दांडा लागतो. कोवळा दांडा वाळला की चपटा होतो आणि पीळ धरत नाही.

दांडा उभा चिरून दोन फाका करायच्या. बायका एक टोक दातात धरतात, दोन्ही हातांनी फाका सारख्या ओढत खाली नेतात. एका हाताचा जोर जास्त झाला की चीर त्या बाजूला सरकते आणि एक फाक मध्येच संपते. मग फाका ओल्या करून तळव्यांत घोळवून पीळ द्यायचा. टोपलीची मजबुती या पिळातच आहे, इथे घाई नको.

रंगवायचं तर पाणी उकळतंच हवं. कोमट पाण्यात रंग वरवर बसतो आणि पुढे हाताला लागतो. जुडी सैल बांधा, नाहीतर आवळलेल्या जागी पांढरा पट्टा राहतो. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा, सावलीत वाळवा.

सरावासाठी १५ सेंमी बुडाची टोपली घ्या. ७० सेंमीच्या ८ काड्या, चारावर चार, अधिकचिन्हासारख्या ठेवा. दोन विणकाड्या घ्या: एक उभ्या काडीच्या पुढून, दुसरी मागून, आणि प्रत्येक काडीनंतर दोघींचा अर्धा वेढा. वेढ्याची दिशा शेवटपर्यंत एकच. ती मध्येच उलटली तर त्या ओळीत वेगळी रेघ दिसते आणि ती उसवल्याशिवाय जात नाही. ८ काड्यांची १६ टोकं चारी बाजूंना निघतात, त्या विणताना १६ उभ्या काड्या धरायच्या. पहिले दोन फेरे चार-चार काड्यांचे, मग दोन-दोन, मग एकेक.

दोन काड्यांतलं अंतर १ सेंमीच्या वर गेलं की प्रत्येकीशेजारी ४० सेंमीची नवी काडी खुपसा. १६ च्या ३२ होतात, मग ६४. सगळं बिघडतं ते इथेच. काड्या उशिरा वाढवल्या किंवा वीण फार आवळली तर बूड वाटीसारखं वर उचलतं. लवकर वाढवल्या तर कडा लाटेसारखी हलते. दर तीन फेऱ्यांनी बूड फरशीवर ठेवून बघा. विणकाडी संपली की नवीन काडी ५ सेंमी जुनीबरोबर विणा, पण दोन्ही विणकाड्यांचे जोड एकाच जागी येऊ देऊ नका.

भिंत उभी करण्याआधी काड्या चांगल्या भिजवा. कोरडी काडी वळणावर तडकते, आणि तो तुकडा बदलणं म्हणजे अर्धं बूड उसवणं. १५ सेंमी उंची झाली की काठ: प्रत्येक काडी उजवीकडच्या दोघींच्या मागून, तिसरीच्या पुढून आत खोचा. शेपट्या टोपली पूर्ण वाळल्यावरच कापा. ओली असताना कापलेली टोकं आकसून वेणीतून निसटतात.

मुठीवर चामडं चढवणारे कारागीर बोल्गाटांगात वेगळे असतात. घरी करताना काड्यांची जाड जुडी काठातून ओवून दुसऱ्या काडीने घट्ट गुंडाळली तरी चालते.

निर्यातीच्या टोपल्या दाबून, चपट्या करून येतात. अशी टोपली हातात आली तर मुठीचं चामडं वर धरून गवत पाच-दहा मिनिटं साध्या पाण्यात बुडवा, हाताने गोल करा, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि वाऱ्यावर ठेवा. पहिल्यांदा रंग थोडा सुटतो, तेव्हा खाली जुना कपडा टाका.