‘बायल्या’ ऐकू आल्यावर काय करायचं? कोल्हापूरच्या शाळांसाठी कामाची पद्धत

मुलांना बायकी, समलिंगी किंवा तृतीयपंथी ठरवून चिडवणं शाळेत थांबवायचं असेल तर आधी शब्द लिहून काढा. शिक्षक खोलीचं दार लावून, फळ्यावर, पोरं बोलतात तसेच: बायल्या, छक्का, हिजडा, जोगत्या, मुलींसाठी बाप्या, आणि हल्ली शिवीसारखा वापरला जाणारा ‘गे’. मग बिनशब्दांचे प्रकार लिहा. एखादा मुलगा फळ्याकडे निघाला की मागच्या बाकावरून वाजणारी आडवी टाळी, हजेरीत सहा नंबर पुकारला की फुटणारा हशा, मुद्दाम नाजूक आवाजात दिलेली ‘हजर मॅडम’. पहिल्या बैठकीत अर्धा तास यातच जातो, जाऊ द्या. वरिष्ठ शिक्षकांना हे शब्द तोंडाने उच्चारायला अवघड जातं आणि गाडी तिथंच अडते. नोंदवहीत मग ‘अपशब्द वापरले’ एवढंच येतं. महिन्याभराने ती वही चाळली तर कोण कुणाला काय म्हणत होतं आणि ते एकदाच झालं की रोज, याचा काही पत्ता लागत नाही.

यादी केली म्हणजे त्या शब्दांवर बंदी आली असं नव्हे. ओढ्यावरच्या यल्लमाला जाणाऱ्या आज्जीच्या तोंडी ‘जोगत्या’, म्हणजे देवीला वाहिलेला पुरुष, हा शब्द आदराने येतो. तोच शब्द मधल्या सुट्टीत पोराच्या पाठीवर दगडासारखा बसतो. नागरिकशास्त्राच्या तासाला तृतीयपंथीयांविषयी बोलणं हा गुन्हा नाही, हे पोरांनाही स्पष्ट सांगा. शब्द कुणावर फेकला, किती वेळा फेकला आणि ऐकणाऱ्याला तिथून हलता येत होतं का, या तीन गोष्टी बघायच्या.

नियम कसा लिहायचा

वादाची पहिली ठिणगी इथं पडते. ‘कुणालाही चिडवू नये’ एवढं पुरेसं नाही का, समलिंगी हा शब्द शाळेच्या भिंतीवर कशाला, असं संस्थाचालक विचारतात. आमचं मत उलट आहे. मोघम नियम असला की जातीवरून दिलेली शिवी शिक्षक पकडतात आणि ‘बायल्या’ मस्करी म्हणून सुटतो, कारण तो शब्द शिक्षकांनीही लहानपणी वापरलेला असतो. कॉलेजांसाठी यूजीसीने २०१६ साली रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि तृतीयपंथी असणं हे मुद्दे नाव घेऊन घातले, ते याच कारणाने उपयोगी पडतात. शाळेचा नियम असा लिहिता येईल:

‘या शाळेत कुणालाही चालण्या-बोलण्यावरून, मुलगा किंवा मुलगी म्हणून कसं वागतो यावरून, समलिंगी किंवा तृतीयपंथी आहे किंवा तसं वाटतं म्हणून, जात, धर्म, रंग वा अंगकाठीवरून नावं ठेवायची नाहीत, नकला करायच्या नाहीत, एकटं पाडायचं नाही.’

यातलं ‘किंवा तसं वाटतं म्हणून’ हे काढू नका. ज्यांना हे शब्द ऐकावे लागतात त्यातली बरीच पोरं समलिंगी नसतातही. आवाज फुटलेला नसतो, कबड्डी जमत नाही, रांगोळी छान काढतात, बस्स. मूल कोण आहे हे शोधणं हे शाळेचं काम नाही. ‘तू खरंच तसा आहेस का?’ हा प्रश्न कुणीही, समुपदेशकानेही, विचारायचा नाही. नियम चिडवणाऱ्याच्या वागण्यावर आहे, चिडवलं जाणाऱ्याच्या स्वभावावर नाही. सगळी पद्धत याच खुंटीवर टांगलेली आहे.

जागा शोधा

पाचवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला शाळेचा साधा आराखडा छापलेला अर्धा कागद द्या. नाव लिहायचं नाही. ‘जिथं नावं ठेवली जातात तिथं फुली मारा, जिथं बरं वाटतं तिथं गोल.’ सगळ्यांना एकाच रंगाचं पेन, दहा मिनिटं, आणि कागद घडी घालून पेटीत. शिक्षकाने वर्गात फिरायचं नाही, नाहीतर सगळे गोलच येतात. फुल्या बहुतेक वेळा वर्गात कमी आणि मुलांच्या मुतारीत, पाण्याच्या टाकीपाशी, जिन्याच्या वळणावर, खेळाचे कपडे बदलायच्या खोलीत आणि शाळेच्या रिक्षा-व्हॅनमध्ये जास्त निघतात. केएमटीने येणारी पोरं बसथांब्यावर फुली मारायची म्हणतील, म्हणून आराखड्याबाहेर थोडी जागा मोकळी ठेवा.

मग ड्युटी बदला. मधल्या सुट्टीत चौघे शिक्षक व्हरांड्यात गप्पा मारत उभे असतात; त्यातल्या एकाने टाकीपाशी उभं राहायचं. मुतारीच्या आत नव्हे, दाराबाहेर. एखादं पोर सकाळपासून पाणी पीत नसेल, पोट दुखतं म्हणून सारखं घरी जात असेल, पी.टी.च्या दिवशीच गैरहजर असेल, तर त्याला बेल व्हायच्या पाच मिनिटं आधी बाहेर सोडा, कारण न विचारता. खर्च शून्य आहे आणि फरक आठवड्यात दिसतो.

शब्द कानावर पडला ती दहा सेकंदं

इथं सगळ्यात जास्त चुका होतात. करायचं एवढंच: थांबवा, नियम सांगा, तास पुढे न्या. ‘हा शब्द इथं चालत नाही. तास संपल्यावर मला भेट. हां, पुढचा परिच्छेद कोण वाचतंय?’ आवाज चढवायचा नाही. ज्याला चिडवलं त्याच्याकडे बघायचंही नाही, कारण तुम्ही बघितलं की चाळीस माना तिकडे वळतात.

‘अरे, तो काय तसला नाही’ असं म्हणू नका. बाजू घेतल्यासारखं वाटतं खरं, पण ‘तसलं’ असणं वाईट आहे यावर तुम्हीच शिक्का मारता. वर्गात त्या प्रकारचं एखादं पोर गप्प बसलेलं असेल तर त्याला कळतं की या सरांकडे जायचं नाही. ‘काही जण आपल्या वर्गातल्या एका मुलाला त्रास देताहेत’ असं परिपाठात जाहीर भाषण हाही तसाच प्रकार: नाव न घेता नाव घेणं.

आणि शिक्षकांची स्वतःची जीभ. ‘बांगड्या भरल्यात का?’, ‘मुलींसारखा काय रडतोस’, ‘तालमीत घाला याला’ ही वाक्यं क्रीडांगणावर रोज ऐकू येतात. कुस्तीचं आणि फुटबॉलचं वेड असलेल्या या गावात ती कुणाला खटकत नाहीत. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, तेव्हा हा फक्त सौजन्याचा मामला नाही. गॅदरिंगच्या नाटुकल्यात साडी नेसलेल्या मुलावर हशे काढणारा प्रवेशही तपासून घ्या. स्त्रीभूमिका करून गाजलेल्या केशवराव भोसल्यांचं नाव आपण नाट्यगृहाला दिलं आहे. मुलाने स्त्रीभूमिका करण्यात काही वावगं नाही, तिची टिंगल हाच विनोद असेल तर तो प्रवेश काढा.

त्याच दिवशी, दोघांशी वेगवेगळं

चिडवलं गेलेल्या मुलाशी बोलायला मुख्याध्यापकांची खोली नको. बाहेर रांग असते. ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा, दार उघडं, पंधरा मिनिटं. प्रश्न चार: काय म्हणतात, कुठं, कधीपासून, कोण कोण बघत असतं. पाचवा प्रश्न त्याच्या बाजूने: ‘उद्यापासून कुठली गोष्ट बदलली तर तुला बरं वाटेल?’ उत्तरं साधी असतात. माझा बाक बदलायचा नाही, चिडवणाऱ्याचा बदलायचा, व्हॅनमध्ये पुढं बसायचं, पी.टी.ला गट सरांनी पाडायचे, कॅप्टनने नाही. आपणहून तो स्वतःबद्दल काही बोलला तर ऐकून घ्या, आणि ते घरी पोहोचवू नका. ‘तुमचा मुलगा असा असा आहे’ असा फोन एकदा गेला की पोराची शाळा सुटू शकते, मारही बसू शकतो. घरी सांगायचंच असेल तर ‘वर्गात त्रास होत होता, आम्ही थांबवतोय’ एवढंच, आणि तेही मुलाला आधी सांगून.

चिडवणाऱ्याशी बोलताना ‘का केलंस?’ विचारू नका, ‘मस्करीत सर’ एवढंच उत्तर मिळतं. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, नियम सांगा, परिणाम सांगा. पहिल्या वेळी समज आणि नोंद. दुसऱ्या वेळी पाच दिवस मधली सुट्टी शिक्षकाच्या नजरेसमोर, आणि पालकांना लेखी. तिसऱ्या वेळी मुख्याध्यापकांसमोर पालकांसह बैठक आणि लेखी हमी. उठाबशा, कोंबडा, सगळ्यांसमोर माफी यातलं काही नाही. जाहीर माफीनंतरचा सूड मुतारीत निघतो. ‘हात मिळवा, मिटवून टाका’ हा गावकी पद्धतीचा तोडगाही इथं चालत नाही. भांडण दोन बरोबरीच्यांचं असतं तेव्हा समेट होतो. इथं एकीकडे सातजण, दुसरीकडे एक.

बघ्यांना वेगळं शिकवा. ‘तू विरोध कर’ हा सल्ला तेरा वर्षांच्या पोराला जड आहे, कारण पुढचा नंबर आपला लागेल ही त्याची भीती खरी असते. त्यापेक्षा सोपी युक्ती द्या: ‘चल रे, मॅडमनी बोलावलंय’ म्हणून त्याला तिथून काढायचं. किंवा नुसतं न हसणं. हशा थांबला की चिडवणाऱ्याची निम्मी हवा जाते.

जिथं शाळेने मिटवायचं नसतंच

चड्डी ओढणं, गुप्तांगाला हात लावणं, मुतारीत कोंडून व्हिडिओ काढणं हे ‘चिडवणं’ नव्हे. पॉक्सो कायदा २०१२ मुलग्यांनाही मुलींइतकंच संरक्षण देतो. कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने ती दडवली तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. करणारा अल्पवयीन असला तर पुढचं बाल न्याय मंडळ बघेल. ते ठरवणं मुख्याध्यापकांच्या हातात नाही. व्हिडिओ असेल तर तो ‘पुरावा म्हणून’ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरवू नका. फोन बंद करून तसाच पोलिसांकडे द्या. ग्रुपवरच्या शिव्यांचे स्क्रीनशॉट मात्र तारखेसह जपून ठेवा.

रॅगिंगची लेखी तक्रार आली तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करावी लागते. तृतीयपंथी मुलांसाठी २०१९ चा केंद्रीय कायदा आहे, त्यात शाब्दिक आणि भावनिक छळालाही सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती शाळेत असायलाच हवी. पेटी मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगू नका. तिथं चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो.

मूल जगण्यावरच वैतागल्यासारखं बोललं तर त्याच दिवशी हालचाल करा: टेली-मानस १४४१६, चाइल्डलाइन १०९८, किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्या कुणाकडेही पाठवू नका, मग तो बाबा असो वा डॉक्टर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली असले उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत.

पालक सभेत

सभेआधी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव घ्या. समितीत तीन चतुर्थांश पालकच असतात, त्यामुळे सभेत उत्तर द्यायला शिक्षक एकटे पडत नाहीत. ही तयारी न करता विषय काढला तर काय होतं याचा मोठा नमुना २०२१ सालचा आहे. एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांच्या समावेशावर शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने हरकत घेतली, आणि थोड्याच दिवसांत ती संकेतस्थळावरून उतरवली गेली. पुस्तिकेतल्या मजकुरावर भांडण रंगलं, वर्गातली पोरं बाजूला राहिली.

‘हे शिकवून आमची पोरं तशी होतील’ हा आक्षेप येणारच. हसण्यावारी नेऊ नका. नियमाचा कागद हातात द्या आणि विचारा, यातलं कुठलं वाक्य मुलाला काही व्हायला शिकवतं? पाचवी-सातवीत आपण फक्त वागण्यावर बोलतो. आठवीपासून एवढी भर घालतो की सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. ज्यांना समलैंगिकता मान्य नाही त्यांच्याकडून मान्यतेची सही मागायची नाही. आपलं पोर मुतारीत जायला घाबरू नये एवढ्यावर सही मागायची, आणि ती बहुतेक सगळे देतात.

‘आम्हीपण ऐकलंय, काही झालं नाही’ असं म्हणणारे काका प्रत्येक सभेत असतात. त्यांना शाळेचे आकडे दाखवा: किती फुल्या, कुठल्या जागेवर, गैरहजेरी कुठल्या वारी. शिवाय १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. चिडवण्यापायी शाळा सोडणाऱ्या पोराची गैरहजेरी कुणाच्या खात्यावर मांडायची, हे सभेलाच विचारा. दंडाची सूचना इथूनच येते, कारण अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सौंदाळा गावाने शिवीला पाचशे रुपये दंड लावल्याचं लोकांनी वाचलेलं असतं. शाळेत तो लावू नका. पैसे बाप भरतो आणि घरी पोराला फोडतो.

वही

दोनशे पानी वही, एकाच जागी ठेवलेली. रकाने सहा: तारीख, जागा, नेमका शब्द किंवा कृती, कोण, काय केलं, पुन्हा कधी विचारणार. शेवटचा रकाना रिकामा राहिला की सगळं पाण्यात. दोन दिवसांनी, सात दिवसांनी आणि महिन्याने त्या मुलाला चालता चालता विचारायचं, ‘पुढं काय झालं रे?’ सुरुवातीच्या दोन महिन्यांत नोंदी वाढतात. केंद्रप्रमुखांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चांगलं काम करणाऱ्या शाळेचं नाव खराब होतं आणि पुढच्या वर्षी वही कोरी ठेवायचा मोह होतो.

जूनमध्ये आराखडा पुन्हा वाटा. दहावीचे गेलेले असतात, चौथीच्या शाळेतून नवे आलेले असतात, आणि व्हॅनवरचे काका बदललेले असतात; त्यांनाही नियमाची एक प्रत द्या, कारण सकाळी साडेनऊच्या त्या गर्दीत मोठं माणूस तेवढं एकच असतं.