थान्यात बल किती? इंदूरच्या पोलीस मनुष्यबळावर वाद घालण्यापूर्वी

इंदुरातल्या एखाद्या मराठी मंडळाच्या बैठकीत किंवा रहिवासी संघाच्या सभेत 'शहरात पोलीस कमी पडतात' हा विषय निघाला, की चर्चा थोड्याच वेळात 'लाखामागे पोलीस किती' यावर येऊन अडते. कोणी तरी संयुक्त राष्ट्रांच्या नावावर 222 हा आकडा सांगतो, मूळ कागद कोणाजवळच नसतो, आणि चहा येतो. रात्री दोन वाजता आपल्या थान्यात कोण हजर असते, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही. म्हणून ज्यांना या विषयावर नीट बोलायचे आहे, त्यांनी शहर बाजूला ठेवून आपल्या एका थान्यापासून सुरुवात करावी. (महाराष्ट्रात 'ठाणे' म्हणतात हे ठाऊक आहे, आपल्याकडे तो थानाच.)

थान्याच्या बलाचे तीन आकडे असतात आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत: स्वीकृत (मंजूर पदे), कार्यरत (भरलेली पदे) आणि उपलब्ध (त्या वेळी थान्याच्या कामाला खरोखर हजर असलेले). पहिले दोन राज्यवार हवे असतील तर पोलीस संशोधन व विकास ब्यूरोच्या वार्षिक अहवालात 1 जानेवारीच्या स्थितीनुसार मिळतात. तिसरा मात्र कुठेच छापलेला नसतो, आणि खरा वाद त्याचाच असतो. थान्याच्या यादीत नाव असलेला आरक्षक (शिपाई) प्रत्यक्षात एखाद्या कार्यालयात किंवा बंगल्यावर 'अटॅच' असू शकतो, समन्स घेऊन न्यायालयात असू शकतो, रजेवर किंवा प्रशिक्षणाला गेलेला असू शकतो.

हा तिसरा आकडा मिळवायला माहितीचा अधिकार कायदा, 2005 पुरेसा आहे: दहा रुपये शुल्क आणि उत्तरासाठी 30 दिवस. अर्जात 'बलाची माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. एक साधा बुधवार आणि एक सणाचा दिवस निवडावा, आणि त्या दोन तारखांना स्वीकृत किती, कार्यरत किती, इतरत्र संलग्न किती, रजेवर किती आणि बंदोबस्तासाठी थान्याबाहेर किती, हे पदनिहाय मागावे. नावे मागू नयेत. त्यामुळे नकाराला निमित्त मिळते. रोजनामचा सान्ह्यात (थान्याच्या रोजच्या नोंदवहीत) प्रत्येकाची रवानगी आणि वापसी वेळेसह नोंदलेली असते, त्यामुळे 'अशी माहिती ठेवली जात नाही' हे उत्तर आल्यास प्रथम अपील अवश्य करावे.

पुढचे गणित कागदावर करता येते. चोवीस तास चालणाऱ्या एका जागेला वर्षाला 8,760 तास लागतात. रजा, न्यायालय आणि प्रशिक्षण यांचे मिळून 58 दिवस धरले (हा आकडा माझा अंदाज आहे, आपण आपला घालावा) आणि 52 साप्ताहिक सुट्या वजा केल्या, तर एका माणसाचे 255 दिवस उरतात. आठ तासांच्या पाळीने ते 2,040 तास होतात, म्हणजे त्या एका जागेसाठी 4.3 माणसे लागतात. आता साप्ताहिक सुटी काढून घ्या आणि पाळी बारा तासांची करा: तेच काम 2.4 माणसांत उरकते. कमतरता कागदावर दिसत नाही ती यामुळे. ती शिपायाच्या झोपेतून भागवलेली असते. देशभरातल्या थान्यांवर ब्यूरोसाठी झालेल्या 2014 च्या अभ्यासात सुमारे 90 टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात असे आढळले होते. आमच्या गल्लीतले एक प्रधान आरक्षक (हवालदार) अनंत चतुर्दशीच्या सकाळी न्यायालयात साक्षीला जातात, संध्याकाळपासून झांक्यांच्या (चित्ररथांच्या) मार्गावर उभे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर घरी येऊन बूट न काढताच ओसरीवर बसतात. त्या आठवड्यात त्यांच्याकडची विवेचना (गुन्ह्यांचा तपास) किती पुढे सरकली, हे विचारायला नको.

कामाचा बोजा मोजताना केवळ एफआयआर मोजणे ही नेहमीची चूक आहे. मर्ग (अकस्मात मृत्यूची चौकशी), वॉरंट-समन्सची तामिली, चरित्र पडताळणी, सीएम हेल्पलाइनच्या 181 वरच्या तक्रारी आणि रंगपंचमीच्या गेरीपासून क्रिकेट सामन्यापर्यंतचे बंदोबस्त गुन्ह्यांच्या तक्त्यात येत नाहीत, पण तास तेवढेच खातात. शिवाय 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते, त्यामुळे 2023 चे शंभर गुन्हे आणि 2025 चे शंभर गुन्हे हे सारखे काम धरता येणार नाही.

इंदूरपुरत्या दोन खाचा आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्यूरोच्या महानगरांच्या तक्त्यांत गुन्ह्यांचा दर 2011 च्या जनगणनेवर काढलेला असतो. तेव्हा इंदूर नागरी समूहाची लोकसंख्या 21.7 लाख होती. शहर तेव्हापासून किती पसरले हे बायपासवर गेलेल्या कोणालाही दिसते, म्हणून तो दर वास्तवापेक्षा फुगलेला निघतो. दुसरे, डिसेंबर 2021 मध्ये आयुक्त प्रणाली आली आणि शहर व ग्रामीण पोलीस वेगळे झाले. त्याआधीचे जिल्ह्याचे आकडे नंतरच्या शहराच्या आकड्यांशेजारी ठेवून कोणी वाढ-घट दाखवू लागला, तर तिथेच थांबवावे.

समोरचा तयारीचा असेल तर विचारेल, पोलीस वाढवून गुन्हे खरेच घटतात का? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 1972-73 मध्ये काही भागांतली नेहमीची गस्त बंद केली आणि काही भागांत वाढवली, तरी गुन्ह्यांत म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणून गुन्हे घटण्याचे आश्वासन आपण देऊच नये. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांसाठी वेगळी माणसे असावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 2006 मध्येच सांगितले आहे. तो धागा धरावा, आणि सभेला टीआय साहेब (थान्याचे प्रभारी) आलेच असतील तर त्यांना एकच विचारावे, की थान्यातल्या किती विवेचकांना मागच्या महिन्यात एकाही बंदोबस्ताला जावे लागले नाही.